राज्याचा घटक : गांव कीं माणूस ?

आज अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर शहराच्या पूर्वेस, भिंगारच्या अंगाला, एक भुईकोट किल्ला उभा आहे. हुसेन निजामशहानें त्याला दगडी तट घातला, चांदबिबीनें तो मोंगलांविरुद्ध लढविला, आणि १८०३ सालीं जनरल वेलस्लीनें तो शिंद्यांच्या हातून घेतला. एवढा इतिहास शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतो. परंतु याच किल्ल्यांत १९४२ ते १९४५ या काळांत जी शाई खर्ची पडली, तिचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडीत नाहीं. नवें प्रजासत्ताक उभारावयाचें तर त्याचा पाया कशावर घालावयाचा, हा प्रश्न त्या शाईंत मुरलेला आहे. आणि त्याचें उत्तर देण्याची वेळ आली तेव्हां घटना समितींत जे पुढें सरसावले, त्यांतील पुष्कळ जण या किल्ल्यांत एकाच पंगतीस जेवलेले होते.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटें मुंबईंत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्यास आगाखान राजवाड्यांत ठेवण्यांत आलें आणि कार्यकारिणीची मंडळी आगगाडीनें नगरास आणली गेली. मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, आसफ अली, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि शंकरराव देव असे हे बारा जण. आरंभीं वर्तमानपत्रें नाहींत, पत्रें नाहींत; आपला माणूस कोणत्या तुरुंगांत आहे, हेंहि घरच्यांस कळूं द्यावयाचें नाहीं असा सरकारचा कटाक्ष. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगु, सिंधी, ओरिया इतक्या भाषा त्या एका आवारांत नांदत होत्या, आणि संस्कृत, पाली, फारसी, अरबी जाणणारे पंडितहि तेथें होते. त्यांतला मराठी आवाज शंकरराव देवांचा.

आतां तो प्रश्न. राज्य हें कोणाचें मिळून झालेलें असतें ? गांवांचें, जातींचें, धर्मसमुदायांचें, कीं एकेकट्या माणसांचें ? वरवर पाहतां हा विद्वानांच्या फावल्या वेळांतला वाद वाटेल. परंतु मताचा अधिकार कोणाला, न्यायालयाच्या दारांत स्वतःच्या नांवानें कोणी उभें राहावयाचें, आणि गांवच्या पाणवठ्यावर घागर कोणी बुडवावयाची, हें सारें या एका उत्तरावर अवलंबून असतें.

या प्रश्नाचा एक पदर किल्ल्यांतील मंडळी येण्यापूर्वीं सव्वीस वर्षें याच शहरांत उलगडला गेला होता. मंडालेहून सुटून आल्यावर लोकमान्य टिळकांनीं २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांवीं होमरूल लीग स्थापन केली, आणि त्याच वर्षीं ३१ मे व १ जून या दोन दिवशीं नगरास स्वराज्यावर दोन व्याख्यानें दिलीं. नगरचा श्रोतृसमुदाय मिश्र. हें शहर वसविलेलें निजामशहांनीं, पुढें तें मोंगलांकडे गेलें, मराठ्यांकडे आलें, आणि मग इंग्रजांकडे. अशा ठिकाणीं "परके" म्हणजे कोण, हें सांगितल्यावांचून स्वराज्याची व्याख्या पुरी होत नव्हती. टिळकांनीं ती अगदीं निर्भीडपणें सांगितली. परकेपणा कातडीच्या रंगांत नाहीं, धर्मांतहि नाहीं; तो हितसंबंधांत आहे. ज्याला या देशांत राहावयाचें आहे, ज्याच्या मुलांबाळांचें बरेंवाईट या देशाच्या बऱ्यावाईटाशीं बांधलेलें आहे, आणि जो या देशाचें कल्याण करावयास झटतो, तो मुसलमान असो कीं इंग्रज असो, परका नव्हे. ज्यांना टिळक केवळ गणेशोत्सवाचे व शिवजयंतीचे पुरस्कर्ते म्हणून ठाऊक आहेत, त्यांनीं हीं नगरचीं व्याख्यानें एकवार अवश्य पाहावीं.

सरकारला मात्र त्यांत राजद्रोह दिसला. बेळगांवचें एक व नगरचीं दोन अशा तीन भाषणांवरून टिळकांवर, त्यांची साठी पुरी होण्याच्या सुमारास, वर्षभर नीट वागण्याबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन देण्याचें प्रकरण गुदरलें. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूनें काम चालविलें तें बॅरिस्टर जिना यांनीं. पुढच्या तीस वर्षांत काय काय झालें हें ठाऊक असलेल्या वाचकाला या नांवापाशीं क्षणभर थबकावेंसें वाटेल.

टिळकांच्या कसोटीनें एक मोठें काम केलें. राज्याचा भागीदार कोण, हें जन्मावरून न ठरवितां हितावरून ठरवावें, असा तिचा अर्थ होता. परंतु घराच्या उंबऱ्याआंत कोण आहे हें सांगणें निराळें, आणि आंत आलेल्या सर्वांना सारखा पाट मिळेल काय हें सांगणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीबद्दल ती कसोटी मुकी होती.

किल्ल्यांतील बाराजणांनीं वेळ कसा घालविला ? कोणी बाग केली, कोणी सूत कातलें, बहुतेकांनीं वाचलें आणि पुष्कळांनीं लिहिलें. पट्टाभींनीं रोजनिशी ठेविली. ती पुढें १९४६ सालीं इंग्रजींत छापली गेली. महताबांनीं ओरिसाचा इतिहास हातीं घेतला. नरेंद्र देवांनीं अभिधर्मकोश या बौद्ध ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदी भाषांतर करावयास घेतलें. मौलाना आझादांनीं आपल्या एका विद्वान स्नेह्यास, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस, पत्रें लिहिलीं. तीं टपालांत पडणार नाहींत हें ठाऊक असूनहि तीं लिहिलीं. गुबारे खातिर या नांवानें तीं १९४६ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत राजकारण अगदीं थोडें. चहाचा स्वाद, खोलींत शिरणाऱ्या चिमण्या, फुलझाडें, संगीत, ईश्वराविषयींचे विचार असाच पसारा जास्त. याच काळांत, एप्रिल १९४३ मध्यें, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. दुखणें विकोपास गेल्याची वार्ता आली तेव्हां, सरकारकडे कांहीं मागणें असल्यास तें पोंचवूं, असें तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें सुचविलें. मौलानांनीं कांहींहि मागितलें नाहीं. काँग्रेसच्या अध्यक्षानें स्वतःसाठीं निराळा नियम मागावयाचा नाहीं, ही त्यांची धारणा. प्रजासत्ताकावरील जाडजूड ग्रंथांत हें प्रकरण येत नाहीं. तें यावयास हवें.

नेहरूंनीं लेखणी धरण्यापूर्वीं फावडें धरलें होतें. आवारांतली जमीन खडकाळ व जुन्या बांधकामाच्या मलब्यानें भरलेली. ती फुलझाडांसाठीं खणतांना त्यांना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, आणि भूतकाळ उकरीत बसावें कीं वर्तमानांत कांहीं पेरावें असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पांच महिन्यांत त्यांनीं जो ग्रंथ लिहिला, तो "भारताचा शोध" या नांवानें मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. तो इतिहास म्हणून वाचला जातो. त्यांत घोडचुका शोधणारे इतिहासकारहि आहेत. परंतु त्याच्याकडे राज्यशास्त्रावरील निबंध म्हणून पाहिलें तर त्यांतील एक प्रकरण फार मोलाचें ठरतें.

जुन्या हिंदी समाजाची इमारत तीन खांबांवर उभी होती, असें नेहरू तेथें दाखवितात : स्वतःपुरता कारभार पाहणारा गांव, जात, आणि एकत्र कुटुंब. या तिहींतहि महत्त्व समूहाला, माणूस दुय्यम. समूहानें माणसाला आधार दिला, म्हातारपणीं पोसलें, दुष्काळांत तगविलें, राज्यें बुडालीं तरी तो समूह टिकला. हें श्रेय नेहरू मोकळेपणानें देतात. पण ज्या व्यवस्थेंत एकाचें स्थान जन्मानें वर व दुसऱ्याचें जन्मानें खालीं ठरतें, ती पुढच्या युगाला चालणार नाहीं, हेंहि ते स्पष्ट सांगतात. त्याच पुस्तकांत त्यांनीं खेड्यांतील सभांचा एक अनुभव सांगितला आहे. लोक भारतमातेचा जयजयकार करीत. नेहरू त्यांना विचारीत कीं ही माता कोण? कोणी म्हणे, ही जमीन. मग ते म्हणत कीं डोंगर, नद्या, शेतें हीं तर आहेतच, पण खरी भारतमाता म्हणजे तुम्ही येथें बसलेले व देशभर पसरलेले कोट्यवधि लोक. राज्य माणसांचें बनतें, ही गोष्ट शेतकऱ्याला समजेल अशा भाषेंत याहून सोपी करून सांगणें कठीण.

तथापि त्या काळीं विचारी माणसांत दुसराहि एक प्रवाह होता आणि तो दुबळा नव्हता. गांव हाच राज्याचा खरा घटक, असें त्याचें म्हणणें. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर या मताला इंग्रज अधिकाऱ्यांनींच पहिली प्रतिष्ठा दिली. पेशवाई बुडाल्यावर १८१९ सालीं एल्फिन्स्टननें जो अहवाल लिहिला, त्यांत दक्षिणेंतील गांव म्हणजे लहान प्रमाणावर एक राज्यच आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. १८३० सालीं चार्ल्स मेटकाफनें उत्तरेकडील गांवांना छोटीं प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तो शब्द पुढें शंभर वर्षें हिंदी पुढाऱ्यांच्या भाषणांतून फिरत राहिला. परक्यानें केलेली स्तुति गोड लागते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं "गांव-गाडा" लिहून बलुत्या-अलुत्यांची ही व्यवस्था आंतून कशी चालते व तिचा भार कुणब्यावर कसा पडतो, हें मराठी वाचकांपुढें मांडलें होतें. परंतु राजकीय सभांतून मेटकाफचा शब्दच अधिक चालला.

गांधीजींच्या हातीं या मताला नैतिक धार आली. त्यांच्या कल्पनेंतल्या स्वराज्याचा आरंभच खेड्यापासून होई. त्याचा एक प्रत्यक्ष प्रयोग मराठी मुलुखांतच झाला. औंध हें बहात्तर गांवांचें चिमुकलें संस्थान. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, आणि पोलंडांतून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें एक घटना तयार केली आणि जानेवारी १९३९ मध्यें राजानें आपली सत्ता आपण होऊन लोकांच्या स्वाधीन केली. प्रथम गांवपंचायत, तीवर तालुका, आणि तालुक्यांतून निवडून आलेल्यांचें विधिमंडळ, अशी तिची चढण होती. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें व प्रयोग संपला. १९४६ सालीं श्रीमन्नारायण अग्रवाल यांनीं स्वतंत्र हिंदुस्थानासाठीं गांधीवादी घटनेचा आराखडा छापला, त्याला गांधीजींची प्रस्तावना होती. म्हणजे दिल्लींत घटना समिति भरली तेव्हां गांव हा घटक धरणारी योजना कागदावर तयारच होती.

ती मान्य न होण्याचें कारण समजण्यासाठीं किल्ल्याबाहेर जावें लागतें. नगरच्या तटाआड बाराजण स्थानबद्ध असतांना डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरमंत्री होते. काँग्रेसच्या लोकांनीं याबद्दल त्यांना त्या वेळीं पुष्कळ बोल लावला. परंतु गांव म्हणजे काय, याचा त्यांचा अभ्यास पुस्तकी नव्हता. १९२७ सालीं महाडला, जें तळें सर्वांसाठीं खुलें झाल्याचें कागदोपत्रीं जाहीर होतें, त्याचें पाणी पिण्यासाठीं त्यांना हजारों माणसें घेऊन जावें लागलें, आणि तेथून परततांना त्या माणसांनीं मार खाल्ला. १९२८ सालीं त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं बिल आणलें. वतन हा शब्द पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांत मानाचा; वेशीबाहेर त्याचा अर्थ होता, दिवसरात्र केव्हांहि बोलावणें आलें कीं हजर व्हावयाचें, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व घरोघर फिरून मिळेल तें बलुतें. ज्या चौकटींत एल्फिन्स्टनला पुरें राज्य दिसलें, त्याच चौकटींत महाराला आपली नेमून दिलेली जागा दिसत होती. दोघांचीहि नजर खरी होती, पण चौकटीच्या आंत राहणें एकाच्याच वांट्यास आलें होतें.

९ डिसेंबर १९४६ रोजीं घटना समितीची पहिली बैठक झाली. १३ तारखेस नेहरूंनीं उद्दिष्टांचा ठराव मांडला, आणि हिंदुस्थान हें स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक होईल असें त्यांत प्रथमच घोषित झालें. राजाचें नांव त्यांत नव्हतें. सत्तेचा उगम लोकांपासून, असें स्पष्ट म्हटलें होतें. न्याय, दर्जाची व संधीची समता, विचार व उपासना यांचें स्वातंत्र्य, अल्पसंख्य व मागासलेल्या वर्गांना संरक्षण, हें सारें त्या ठरावांत आहे. मुस्लिम लीगचे प्रतिनिधि व संस्थानांतील लोक येईपर्यंत ठराव तहकूब ठेवावा, अशी उपसूचना बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनीं आणली. सभागृह त्यांच्यावर नाराज झालें. १७ डिसेंबरला आंबेडकर बोलावयास उठले, तेव्हां ते काँग्रेसवर तुटून पडणार अशीच सर्वांची अटकळ. त्यांनीं अखंड देशाची भाषा बोलून व सर्वांना बरोबर घेण्यासाठीं थांबावें असें सांगून सभागृह थक्क केलें. पण ठरावावरचा त्यांचा मुख्य आक्षेप याहून खोल होता. ठरावानें हक्क सांगितले आहेत, परंतु हक्क मोडला तर दाद कोठें मागावयाची हें सांगितलेलें नाहीं. आणि दाद नसेल तर हक्क म्हणजे नुसते शब्द, असें त्यांनीं बजावलें. किल्ल्यांत लिहिल्या गेलेल्या विचारांची उणीव येथें नेमकी उघडी पडते. नेहरूंच्या ग्रंथाला समतेची ओढ आहे, इतिहासाचा विस्तार आहे. परंतु पाटलानें घागर फेंकून दिली तर त्या माणसानें कोणाकडे जावें, याचें उत्तर त्यांत नाहीं. ग्रंथाचें तें कामहि नव्हतें, असें म्हणतां येईल. घटनेचें मात्र होतें. जयकरांची सूचना टिकली नाहीं, आणि ठराव २२ जानेवारी १९४७ रोजीं मंजूर झाला.

दोनच दिवसांनीं, २४ जानेवारीस, किल्ल्यांतील दुसरे एक सोबती उभे राहिले. मूलभूत हक्क व अल्पसंख्य यांसाठीं सल्लागार समिति नेमण्याचा ठराव गोविंदवल्लभ पंतांनीं मांडला. आपल्या देशांत समुदायाचाच विचार करण्याची खोड जडली आहे आणि एकेकटा नागरिक, जो राज्याचा कणा, तो त्या समुदायांत हरवून गेला आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. नेहरूंनीं १९४४ सालीं समूहाबद्दल लिहिलेलें प्रकरण ज्यानें वाचलें आहे, त्याला हें ऐकून ओळखीचा सूर लागल्यासारखें वाटतें. तीन वर्षें ज्यांनीं एका आवारांत काढलीं, त्यांनीं या विषयावर कधीं गप्पा मारल्या नसतील असें मानणें कठीण आहे. त्या सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले वल्लभभाई पटेल. तिच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले आचार्य कृपलानी. दोघेहि नगरचेच स्थानबद्ध. आणि कृपलानींच्या उपसमितींत आंबेडकर सभासद होते. तेथें त्यांनीं राज्यें आणि अल्पसंख्य या विषयावरील आपलें लेखी निवेदन दिलें. तटाच्या आंतले व बाहेरचे असे अखेर एका मेजाभोंवतीं आले.

फाळणीमुळें आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली. जयकरांनीं राजीनामा दिल्यानें मुंबईची जागा मोकळी झाली होती. तीवर जुलै १९४७ मध्यें काँग्रेसनेंच आंबेडकरांना निवडून आणलें. २९ ऑगस्टला मसुदा समिति नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मसुदा सभागृहापुढें मांडतांना त्यांनीं मेटकाफचें तें प्रसिद्ध वर्णन मुद्दाम काढलें. राज्यें आलीं व गेलीं, गांवें टिकलीं, हें खरें. पण टिकून त्यांनीं देशासाठीं काय केलें, असा त्यांचा सवाल होता. नुसतें टिकणें हा गुण नव्हे. गांव म्हणजे संकुचित वृत्ति, अज्ञान व जातीयता यांचें आगर, अशा कठोर शब्दांत त्यांनीं त्याची संभावना केली, आणि मसुद्यानें गांव टाकून देऊन व्यक्ति हा घटक धरला याबद्दल उघड समाधान व्यक्त केलें.

सभागृहांत मोठी नाराजी पसरली. हरि विष्णु कामत यांच्यासारख्या सभासदांनीं दुसऱ्याच दिवशीं खरमरीत उत्तर दिलें. गांधीजींचा खून होऊन वर्षहि लोटलें नव्हतें. त्यांच्या आवडत्या कल्पनेला असें फटकारलेलें पुष्कळांना सहन झालें नाहीं. त्या नाराजीचें फळ म्हणून २२ नोव्हेंबर १९४८ रोजीं के. संतानम् यांनीं ग्रामपंचायती संघटित करण्याविषयींचें कलम सुचविलें, आणि आंबेडकरांनीं तें वाद न घालतां स्वीकारलें. तें चाळीसावें कलम. पण तें राज्याला दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत गेलें, न्यायालयांत त्यावर दाद नाहीं. उलट, सार्वजनिक विहिरी, तळीं व घाट वापरण्यास कोणालाहि जातीवरून मज्जाव करूं नये हें पंधरावें कलम, अस्पृश्यता नष्ट करणारें सतरावें कलम, आणि हक्क मोडल्यास कोणाहि माणसाला थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जातां यावें हें बत्तिसावें कलम, हीं सारीं दाद असलेल्या बाजूस पडलीं. ९ डिसेंबर १९४८ रोजीं या शेवटच्या कलमावर बोलतांना आंबेडकरांनीं त्याला घटनेचा आत्मा मानलें. दोन वर्षांपूर्वींचा त्यांचा आक्षेप आठवला म्हणजे त्या कलमावर त्यांचा एवढा जीव कां, हें समजतें.

समूह मात्र इतक्या सहजासहजीं मागें हटत नसतो. धर्म व जात यांचें दार लोटलें, तों भाषेच्या दारावर थाप पडली. संयुक्त महाराष्ट्र परिषद १९४६ सालीं स्थापन झाली आणि तिचें अध्यक्षपद शंकरराव देवांकडे आलें. भाषावार प्रांतांचा विचार करण्यासाठीं डिसेंबर १९४८ मध्यें काँग्रेसनें जी त्रिसदस्य समिति नेमली, तींत जवाहरलाल, वल्लभभाई व पट्टाभि होते. चौघेहि नगरच्या किल्ल्यांतले. एप्रिल १९४९ च्या अहवालांत तिघांनीं सांगितलें कीं भाषावार रचना सध्यां लांबणीवर टाकावी आणि मुंबई शहर महाराष्ट्रास मिळूं नये. ज्या सोबत्याशीं तीन वर्षें सुखदुःख वांटलें, त्याच्या प्रांताला हें उत्तर मिळालें. तिघांना देश फुटण्याची भीति वाटत होती व ती त्या दिवसांत अनाठायीं नव्हती. परंतु आपल्या भाषेंत कारभार व न्याय मिळावा ही एकेकट्या नागरिकाचीहि गरज आहे, ती केवळ समूहाची हौस नव्हे, हें त्यांनीं पुरतें जोखलें नाहीं. महाराष्ट्राला त्यासाठीं १ मे १९६० पर्यंत वाट पाहावी लागली.

व्यक्ति हा घटक, हें कागदावर ठरलें. तें जमिनीवर उतरविण्याचें काम मतदारयाद्या करणाऱ्या कारकुनांच्या गळ्यांत पडलें. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचें नांव लिहावयाचें. सुमारें सतरा कोटि मतदार, आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर. उत्तरेकडील कांहीं प्रांतांत बायकांनीं आपलें नांव सांगावयास नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच त्या सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं असा उल्लेख चालणार नाहीं असें ठरविलें, आणि पहिल्या निवडणुकींत सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं. त्या बायकांचें मत बुडालें ही हानि खरीच. पण राज्यानें कुटुंबाचें नांव घेण्याचें नाकारून त्या बाईचें स्वतःचें नांव विचारलें, हें या देशांत तोंवर फारसें घडलेलें नव्हतें. पुढच्या निवडणुकीस त्यांतल्या पुष्कळजणींनीं आपलें नांव सांगितलें.

चाळीसावें कलम बरींच वर्षें शोभेचें म्हणून राहिलें. १९९२ सालीं संसदेनें त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ति केली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली, आणि गांव पुन्हां घटनेच्या आंत आला. नगर जिल्ह्यांतील राळेगण सिद्धि व हिवरे बाजार या दोन गांवांच्या ग्रामसभांचें नांव त्यानंतर देशभर घेतलें जाऊं लागलें; पाणी अडवावयाचें कोठें, कोणतें पीक लावावयाचें, हें तेथें सर्वांनीं बसून ठरविण्याची रीत पडली. या दुरुस्तीनें पंचायतींत अनुसूचित जाति-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणांत, आणि स्त्रियांना निदान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या आहेत. महाराष्ट्रानें पुढें स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला. ग्रामसभा म्हणजे कोण, याचीहि व्याख्या घटनेंत करावी लागली. तींत घराण्यांचा, वाड्यांचा, वतनदारांचा किंवा मानकऱ्यांचा उल्लेख नाहीं. पंचायतीच्या हद्दींतील गांवच्या मतदारयादींत ज्यांचीं नांवें आहेत, त्या व्यक्तींची मिळून ग्रामसभा होते, एवढेंच तेथें लिहिलें आहे.